सेवकाला तिकीट कशाला हवे?

मध्यप्रदेश विधानसभेची पुढील निवडणूक २०२८ सालच्या अखेरीस व्हावयाची आहे. अवकाश पुष्कळ आहे. परंतु पांढुर्णा आणि सौंसर ह्या सातपुड्याच्या घाटाखालच्या दोन मतदारसंघांत उमेदवारीची कुजबूज नेहमीच हंगामाआधी सुरू होते. संत्र्याच्या बागेला बहार धरण्याआधी व्यापारी जसा बांधावर येऊन उभा राहतो, तसे राजकीय पक्षांचे दलाल गावोगावच्या ओट्यांवर येऊन बसतात आणि माणसे हेरू लागतात. त्यांच्या हेरगिरीत अलीकडे एक नवा प्राणी सापडतो. तो म्हणजे गावचा सेवक. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रातून डोके फुटलेला पोरगा खांद्यावर घेऊन बाहेर येणारा तो हाच. अपरात्री गाडी काढून रुग्णाला नागपूरच्या मेडिकलमध्ये पोहोचविणाराही हाच. आणि गारपिटीत बाग गेली की पंचनाम्यासाठी पटवाऱ्याच्या मागे मागे हिंडणाराही हाच. त्याने कोणाकडे काही मागितलेले नसते. म्हणून लोक त्याला म्हणतात, 'भाऊ, आता तुम्हीच उभे राहा.' आणि दुसऱ्याच श्वासात विचारतात, 'पण तिकीट कोणाचे आणता?'

ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी आज आम्ही लेखणी उचलली आहे. पहिल्याचे उत्तर देण्यास फारशी बुद्धी लागत नाही. सेवकाने अवश्य उभे राहावे. 'समाजसेवकाने राजकारणाच्या चिखलात उतरू नये' असा साळसूद उपदेश करणारे लोक कोण आहेत ते जरा निरखून पाहावे. ज्यांचे स्वतःचे पाय त्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेले आहेत आणि ज्यांना तिथून हलावयाचे नाही, तेच बहुधा हा उपदेश करीत असतात! सेवकाने रुग्ण वाहावेत, प्रेते उचलावीत, रक्त द्यावे. आणि भोपाळच्या सभागृहातली खुर्ची मात्र आमच्यासाठी मोकळी ठेवावी, असा हा व्यवहार आहे. तो आम्हांला मान्य नाही.

तिकिटाचा प्रश्न मात्र साधा नाही. पांढुर्णा आणि सौंसर म्हणजे इतर कोठलेही दोन मतदारसंघ नव्हेत. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री सौंसरचा शेतकरी निजला तेव्हा त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याचे उच्च न्यायालय नागपुरास होते. बाजार नागपूरचा, सोयरीक नागपूर-अमरावतीची, देवघरातली आरती मराठीतली. सकाळी तो जागा झाला तेव्हा राजधानी भोपाळ झाली होती आणि उच्च न्यायालय जबलपूर. त्याच्या शेताचा बांध तसूभरही हलला नव्हता. हलली होती ती राज्याची सीमा. आणि ती हलविताना त्याला कोणी एका शब्दानेही विचारले नव्हते.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे म्हणून आठ जिल्हे मोजले : बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. छिंदवाडा त्यांत नव्हता. छिंदवाडा जिल्ह्याचा घाटावरचा भाग हिंदी आणि गोंडी बोलणारा, हे खरे. पण त्याच जिल्ह्याची घाटाखालची सौंसर तहसील, आणि पांढुर्णा तेव्हा तिच्यातच मोडत असे, ही काळ्या मातीची, कपाशीची, पोळ्याची आणि मराठी बोलीची. जिल्हा हा घटक धरावा, तो सहसा तोडू नये, असा आयोगाचा सर्वसाधारण कल होता; आणि त्या कलाच्या पोत्यात बांधून सौंसर छिंदवाड्याबरोबर भोपाळकडे पाठविण्यात आले. बरे, हा नियम तरी सर्वांना सारखा लागला काय? मुळीच नाही! आदिलाबाद जिल्हा तोडून किनवट आणि राजुरा हे तालुके त्याच दिवशी मुंबई राज्यास मिळाले. बेळगाव जिल्हा तोडून चंदगड इकडे आला. एवढेच काय, राजस्थानच्या कोटा जिल्ह्यातून सिरोंजचा भाग कापून तो खुद्द मध्यप्रदेशाच्याच पदरात घालण्यात आला. दुसऱ्याचा जिल्हा तोडून सिरोंज घ्यावयाचे, आणि आपला जिल्हा तोडून सौंसर देण्याची वेळ आली की 'जिल्हा अखंड आहे, तोडता येत नाही' म्हणावयाचे, ह्या न्यायाला आमच्या विदर्भातल्या बायाबापड्या काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही.

आणि आता तर त्या अखंड जिल्ह्याची गंमत पाहा. २४ ऑगस्ट २०२३ रोजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनास आले आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना त्यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली. ऑक्टोबरात जिल्हा अस्तित्वातही आला. त्यात कोणते तुकडे घातले? पांढुर्णा आणि सौंसर! म्हणजे जी रेघ १९५६ साली दिल्लीतल्या थोर थोर पंडितांना नकाशावर ओढता येत नव्हती, ती निवडणुकीच्या तोंडावर एका दिवसात ओढता आली. छिंदवाड्याचा घाटाखालचा मराठी मुलूख हा वेगळा प्रशासकीय घटक आहे, हे भोपाळ सरकारनेच राजपत्रात छापून दिले आहे. सीमाप्रश्नावर इतका सुबक पुरावा आम्ही स्वतः तयार करावयास बसलो असतो तरी आम्हांला जमला नसता. 'जिल्हा तोडता येत नाही' हा शेवटचा युक्तिवाद होता. तो आता उरला नाही. पांढुर्णा जिल्हा तोडावयाचा नाही. तो आख्खाच्या आख्खा उचलावयाचा आहे.

हे कोणी मागितले? येथे आम्हांला आमच्याच घरच्या लोकांना चार शब्द सुनवावे लागतील. मुंबईच्या सरकारला सीमाभाग म्हटला की बेळगाव दिसते. दिसावेच, बेळगावच्या मराठी माणसाने जे सोसले आहे त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे म्हैसूर आणि केरळच्या सीमा होत्या, मध्यप्रदेशाची नव्हती. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो कर्नाटकाविरुद्ध, ८६५ गावांसाठी. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने एकमुखाने ठराव केला, तोही त्याच ८६५ गावांचा; आणि हा ठराव झाला कोठे? नागपुरात! विधानभवनाच्या पायऱ्यांवरून मोटार निघाली तर दीड-दोन तासांत सौंसरच्या चौकात पोहोचते. तेवढ्या अंतरावर राहणाऱ्या मराठी माणसाचे नाव त्या दिवशी ठरावात आले नाही. दूरचे रडणे ऐकू येते आणि शेजारच्या भिंतीपलीकडचे येत नाही, हा कानांचा दोष नव्हे. शेजारी रडलाच नाही, हे त्याचे अर्धे कारण आहे. पांढुर्णा-सौंसरचा आवाज त्याच्या स्वतःच्या तोंडून कोणत्याही विधानसभेत ठणठणीतपणे उठला पाहिजे होता.

तो का उठला नाही, ह्याचे उत्तर तिकिटात आहे. २०१८ आणि २०२३ ह्या दोन्ही निवडणुकांत पांढुर्ण्याहून निलेश उइके आणि सौंसरहून विजय चोरे हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. २०२३ साली त्यांच्यासमोर भारतीय जनता पक्षाने पांढुर्ण्यात माजी न्यायाधीश प्रकाश उइके ह्यांना आणि सौंसरात नानाभाऊ मोहोड ह्यांना उभे केले होते. ह्यांपैकी कोणाच्याही वैयक्तिक चारित्र्याबद्दल आम्हांला बोलावयाचे नाही. ती आमची वहिवाट नव्हे. आमचा सवाल दोन्ही पक्षांना आहे, आणि त्यांनी तो सभेत उभे राहून सोडवावा : ह्या दोन जागांवरून गेलेल्या तुमच्या आमदारांनी १९५६ पासून आजवर सीमेचा प्रश्न सभागृहात किती वेळा काढला? काँग्रेसने तर डिसेंबर २०१८ मध्ये छिंदवाड्याचेच कमलनाथ मुख्यमंत्री केले. १९८० सालापासून ज्यांनी लोकसभेत ह्या मुलुखाची मते घेतली त्यांच्या हाती राज्याचा कारभार पंधरा महिने होता. ह्या पंधरा महिन्यांत घाटाखालच्या मराठीसाठी काय केले त्याचा हिशेब मागण्याचा हक्क मतदारांना आहे. प्रचाराच्या सभेत मराठी चालते, आणि मत पडले की हिंदी! ही मराठी आहे की बोहल्यावरची मुंडावळ, लग्न लागेपर्यंत कपाळावर आणि मग खुंटीवर?

पक्षाचे तिकीट घेतलेला सेवक ह्याहून वेगळे काही करू शकेल, असा भाबडा विश्वास कोणी बाळगू नये. तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. कायदाच तसा आहे. १९८५ साली राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. तेव्हापासून पक्षाच्या आमदाराने पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मत दिले तर त्याची आमदारकीच जाऊ शकते. इंग्रजांनी ह्या आदेशाला व्हीप म्हणजे चाबूक म्हटले ते उगीच नव्हे! आता राज्याची सीमा बदलावयाची झाली तर घटनेचे तिसरे कलम लागते. कायदा संसद करते, परंतु विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधानसभेकडे मत आजमावण्यासाठी पाठवितात. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. पण ते इतिहासात नोंदले जाते. ज्या दिवशी असे विधेयक भोपाळात येईल, त्या दिवशी २३० आमदारांत पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा आमदार कोणत्या बाजूस हात वर करील? पक्षाचा असेल तर पक्ष सांगेल त्या बाजूस. म्हणजे ज्या एका दिवसासाठी त्याला तिथे पाठवावयाचे, त्याच दिवशी त्याचे हात बांधलेले! अपक्ष आमदारावर हा चाबूक चालत नाही. मात्र निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात शिरला तर त्याचीही जागा जाते. कायद्याने अपक्षाला अपक्ष राहण्यास भाग पाडावे, ही आमच्या लोकशाहीतली एक दुर्मिळ सोय आहे. सेवकाने तिचा फायदा घ्यावा.

येथे कोणी पंडित विचारील की, ज्या राज्यातून बाहेर पडावयाचे त्याच राज्याच्या विधानसभेत जाऊन शपथ घ्यावयाची, हा विरोधाभास नव्हे काय? त्याला आम्ही १९५७ सालाची आठवण देतो. संयुक्त महाराष्ट्र समितीने द्विभाषिक मुंबई राज्याचा मोड करण्याची प्रतिज्ञा केली आणि त्याच द्विभाषिकाच्या विधानसभेत आपली माणसे निवडून पाठविली. एस. एम. जोशी पुण्याहून गेले. त्या खुर्च्यांवर बसून त्यांनी ते राज्य मान्य केले असे कोणी म्हटले नाही. तीनच वर्षांत, १ मे १९६० ला, ते द्विभाषिक इतिहासजमा झाले. बेळगावच्या महाराष्ट्र एकीकरण समितीनेही म्हैसूरच्या आणि पुढे कर्नाटकाच्या विधानसभेत सुंठणकरांसारखी विद्वान माणसे पाठविली आणि सीमाप्रश्न बंगळूरच्या छाताडावर जागता ठेवला. लढाई शत्रूच्या गडात शिरूनच लढावी लागते. गडाबाहेर उभे राहून तटाला शिव्या देणे सोपे, पण तट काही शिव्यांनी पडत नाही.

बेळगावकडून दुसरेही एक शिकावयाचे आहे आणि ते कडू आहे. २०१३ साली समितीचे दोन आमदार होते. २०१८ साली समितीत फूट पडली. खानापुरात तर समितीचेच दोघे जण एकमेकांविरुद्ध उभे ठाकले आणि जागा काँग्रेसच्या अंजली निंबाळकर ह्यांनी नेली. त्या वर्षी समितीचा एकही आमदार आला नाही. २०२३ सालीही नाही. साठ वर्षांची पुण्याई दोन गटांच्या भांडणात कशी खर्ची पडते ह्याचे हे उदाहरण आहे. म्हणून सौंसरात तीन सेवक तीन बाजूंनी 'मीच खरा सेवक' म्हणून अर्ज भरणार असतील तर त्यांनी तो खटाटोप करूच नये. त्यापेक्षा पक्षाचा आमदार परवडला. तो निदान फसवणूक तरी करीत नाही, आपण कोणाचे ते उघड सांगतो.

गोव्याचीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने विलीनीकरणाच्या घोषणेवर सत्ता मिळविली. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध १,७२,१९१. पुढे दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच जनतेने त्याच बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसविले! ह्याचा अर्थ स्वच्छ आहे. माणूस आवडतो म्हणून मत मिळणे निराळे आणि महाराष्ट्रात जावयाचे म्हणून मत मिळणे निराळे. सेवकाच्या रुग्णवाहिकेच्या पुण्याईवर मते मिळवावयाची आणि मग 'पाहा, जनतेने विलीनीकरणाचा कौल दिला' अशी दवंडी पिटावयाची, ही लबाडी ह्या पत्राच्या स्तंभांतून कधी होणार नाही. सेवकाने पहिल्या सभेपासून सीमेचा प्रश्न नाव घेऊन सांगावा. मते कमी पडली तरी चालतील; पडतील ती त्या प्रश्नाची असावीत.

सांगताना जीभ मात्र कायद्याच्या आत ठेवावी लागेल. भाषेच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्टाचार ठरतो, आणि २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ह्या कलमाचा फास आणखी आवळला आहे : उमेदवाराचीच नव्हे, मतदाराचीही भाषा त्यात आली. तेव्हा 'तुम्ही मराठी आहात म्हणून मला मत द्या' असे म्हटले की निवडणूक रद्द होण्याची दोरी प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलीच. परंतु आपली भाषा जतन करणे हा घटनेच्या २९ व्या कलमाने दिलेला हक्क आहे, आणि त्यासाठी झगडण्याचे वचन मतदारांना देणे हा भ्रष्टाचार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली जगदेवसिंह सिद्धांती ह्यांच्या खटल्यात दिला आहे. हे सिद्धांती हरियाणा लोक समितीचे. पंजाबातल्या हिंदीसाठी भांडून १९६२ साली लोकसभेवर निवडून आलेले. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६६ ला, त्यांचा हरियाणा वेगळा झाला. हिंदीसाठी झगडणे पंजाबात राष्ट्रकार्य आणि मराठीसाठी झगडणे पांढुर्ण्यात फुटीरपणा, असे जर भोपाळचे कोणी म्हणू लागले तर त्यांच्या पुढ्यात हा निवाडा ठेवावा.

पांढुर्ण्याचा विचार निराळा करावा लागतो आणि चळवळीतल्या आमच्या मित्रांना तो बहुधा रुचणार नाही. पांढुर्ण्याची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथे मराठीचा झेंडा घेऊन उभा राहणारा सेवक अनुसूचित जमातीचा असला पाहिजे, किंवा तो असूच शकत नाही. आता आम्ही विचारतो, सीमाचळवळीने आजवर ह्या गोंड बांधवांना विचारले तरी आहे काय? ढान्यावरच्या घरात गोंडी, बाजारात मराठी आणि शाळेत हिंदी, असा तिहेरी भार वाहणाऱ्या मुलाला आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की फक्त आमच्या भाषेवर अन्याय झाला? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद ह्याने नागपूर वसविले तेव्हा भोसल्यांचा तिथे मागमूसही नव्हता. नागपूरशी ह्या मुलुखाचे नाते सांगावयाचे तर ते गोंडांनीच आधी सांगावे; आमचे नाते त्यांच्या मागाहूनचे आहे. महाराष्ट्रात आल्यावर गोंडीचे काय करणार, वनहक्काचे काय करणार, ह्याचा लेखी करार त्यांच्याशी निवडणुकीआधी व्हावयास हवा. तो न करता त्यांच्यातला एखादा भला माणूस पकडून त्याच्या डोक्यावर मराठीचा फेटा चढविणे म्हणजे पक्षवाल्यांच्याच दलालीची नक्कल होय.

सौंसरची जागा सर्वसाधारण आहे. पण तिथलाही कायदा मोठा मासलेवाईक. विधानसभेला उभे राहणारा त्या राज्यातल्या कोणत्यातरी मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. म्हणजे पलीकडच्या नरखेडचा माणूस, ज्याची बहीण सौंसरात दिली आहे आणि ज्याची संत्री एकाच वखारीत विकली जातात, तो उभा राहू शकत नाही. आणि चंबळच्या काठचा भिंडचा माणूस, ज्याने सौंसर कधी पाहिलेही नाही, तो खुशाल अर्ज भरू शकतो! ह्यास सीमा म्हणतात.

पैशाचे भय पुष्कळ जण घालतील. उमेदवाराला चाळीस लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे, म्हणजे तितका केलाच पाहिजे असे नव्हे. अनामत रक्कम दहा हजार, राखीव गटातल्या उमेदवारास पाच हजार; वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर ती जप्त. १९५१ च्या मूळ कायद्यात ती अडीचशे होती. गरिबाने उभे राहावे असे तेव्हा निदान वाटत तरी होते. गावाने घरटी दहा रुपये काढले तरी अनामतीची सोय होते, आणि वर्गणी देणारा मतही देतो, हा जुना अनुभव आहे.

निवडून आला तर करावयाचे काम ठरलेले आहे आणि त्यास विलीनीकरणाच्या दिवसापर्यंत थांबण्याची गरज नाही. घटनेच्या २१० व्या कलमाप्रमाणे ज्या सदस्याला हिंदी वा इंग्रजी पुरेशी येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. आमचा सेवक हिंदी जाणतो, तरी पहिले भाषण मराठीत करण्याची अनुमती त्याने लेखी मागावी आणि नाकारली तर नकारही लेखी घ्यावा. ३५० व्या कलमाने राज्याकडे गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषांपैकी कोणतीही चालते. तेव्हा जिल्हा कचेरीत मराठीतला अर्ज परत करणाऱ्या बाबूस तो प्रश्नोत्तराच्या तासात उभा करू शकेल. ३५० अ प्रमाणे प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करणे राज्याचे काम आहे. ती सोय पांढुर्णा जिल्ह्यात किती गावांत आहे, किती शिक्षक आहेत, पुस्तके कधी येतात, हे त्याने आकड्यांत मागावे. २०२४ साली दिल्लीने मराठीला अभिजात भाषा म्हटले. ती अभिजात भाषा सौंसरच्या पोराच्या दप्तरात का नाही, हे त्याने भोपाळला विचारावे.

अपक्षाच्या अर्जावर मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सूचक म्हणून सह्या लागतात. सौंसरच्या दहा सह्यांत लोधीखेडा आणि मोहगाव ह्या दोन्ही गावांची माणसे असावीत, सगळी सौंसरच्या एकाच आळीतली नकोत. पांढुर्ण्याच्या दहांपैकी निदान पाच सह्या वा अंगठे ढान्यांवरचे असावेत, आणि गोटमारीत एकमेकांवर दगड उचलणाऱ्या पांढुर्णा आणि सावरगाव ह्या दोन्ही काठांचे प्रत्येकी एक नाव त्याच कागदावर शेजारी शेजारी यावे.